गाणं ऐकताना अंगावर काटा का येतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या तलावपाळीची दिवाळी पहाट असो, ठाण्यातला पं. राम मराठे संगीत महोत्सव असो किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहातला नाट्यगीतांचा कार्यक्रम, एखाद्या जागेवर शेजारी बसलेला माणूस हात पुढे करून "बघा, काटा आला" असं म्हणतो आणि आपल्याला काहीच होत नाही. कधी उलटंही घडतं. त्यावर श्रोते जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. संशोधनातले बरेचसे प्रयोग पाश्चात्त्य संगीतावर झाले आहेत. आपल्या संगीतातली उदाहरणं देताना आम्ही तेच तत्त्व लावून पाहिलं आहे.

काटा येतो तेव्हा शरीरात नेमकं काय होतं?

प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. तो आपल्या हुकमात नसतो. शरीराला आपोआप सावध करणाऱ्या अनुकंपी मज्जासंस्थेने इशारा दिला की तो आखडतो, केस ताठ होतो आणि आजूबाजूची त्वचा उंचावते. थंडी वाजली किंवा दचकलो की हेच होतं. संगीताने आलेला शहारा बहुधा मानेवर, पाठीवर किंवा दंडांवर उमटतो आणि काही सेकंदांत ओसरतो. त्याच वेळी तळहातांना किंचित घाम येतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. प्रयोगशाळेत बोटांना इलेक्ट्रोड लावून मोजतात ते हेच.

काहींना आतून शहारा जाणवतो, पण केस उभे राहत नाहीत. तोही अनुभव खराच. फरक पाहायचा असेल तर हातावर तिरका प्रकाश पाडून मोबाइलने चित्रीकरण करा. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी साधारण याच कल्पनेवर कॅमेऱ्याचं उपकरण बनवलं होतं. फक्त एसी १८ अंशांवर ठेवून हा प्रयोग करू नका, गाणं सुरू होण्याआधीच काटा येईल.

आणि मेंदूत?

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ॲन ब्लड आणि रॉबर्ट झटोरे यांनी २००१ साली १० संगीतकारांना त्यांनीच निवडलेलं, हमखास काटा आणणारं संगीत ऐकवलं आणि मेंदूतला रक्तप्रवाह मोजला. शहारा जितका तीव्र, तितका अन्नाने किंवा व्यसनी पदार्थाने चेतणाऱ्या सुखकेंद्रांतला रक्तप्रवाह बदललेला आढळला. गाण्याने पोट भरत नाही, तरी मेंदू त्याला त्याच रांगेत बसवतो.

२०११ साली त्याच विद्यापीठातल्या व्हॅलोरी सलिमपूर आणि सहकाऱ्यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. जाहिरातीला प्रतिसाद देणाऱ्या २१७ जणांतून, ज्यांना काटा अगदी भरवशाने येतो अशा मोजक्या ८ जणांना त्यांनी निवडलं आणि मेंदूत डोपामीन हे सुखाशी निगडित रसायन कधी आणि कुठे स्रवतं ते पाहिलं. डोपामीन दोन वेगवेगळ्या ठिकाणी वाढलं. शहारा यायच्या आधी, वाट पाहताना, ते पुच्छक केंद्र (कॉडेट) या भागात वाढलं आणि प्रत्यक्ष शहाऱ्याच्या क्षणी न्यूक्लियस अक्युम्बेन्स या भागात. म्हणजे सुखाचा निम्मा भाग आवडती जागा येण्याआधीच सुरू झालेला असतो. या पानावरच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या एका निष्कर्षात आहे.

डोपामीन फक्त सोबत दिसतं की तेच कारण आहे, ही शंका रास्त आहे. २०१९ साली २७ जणांवर प्रयोग झाला. डोपामीन वाढवणारं लेव्होडोपा घेतल्यावर त्यांना संगीताचं सुख अधिक वाटलं, तर डोपामीनला अडवणारं रिस्पेरिडोन घेतल्यावर कमी. त्याआधी १९८० साली औषधशास्त्रज्ञ ॲव्हरम गोल्डस्टीन यांनी मेंदूतल्या नैसर्गिक अफूसदृश द्रव्यांना अडवणारं नॅलोक्सोन देऊन पाहिलं होतं. काही जणांचा शहारा त्याने कमी झाला, सगळ्यांचा नाही.

गाण्यातल्या कोणत्या जागांवर काटा येतो?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ साली ८३ श्रोत्यांना विचारलं की शरीरावर परिणाम होतो ती जागा नेमकी कोणती. अनपेक्षित स्वरमेळ आला की शहारा, आणि मुख्य स्वराच्या शेजारच्या स्वरावर रेंगाळून मग त्यावर उतरलं की डोळ्यांत पाणी, असा कल त्यांना दिसला. पुढच्या अभ्यासांत आणखी काही जागा पुन्हा पुन्हा सापडल्या. आवाज हळूहळू चढत जाणं किंवा एकदम वाढणं, एकट्या वाद्यानंतर सगळा मेळ दाखल होणं, माणसाचा नवा आवाज सुरू होणं, ही त्यांतली ठळक.

आपल्याकडे हे सगळं आहे, फक्त रूप निराळं. वारकरी भजनात एकटा बुवा चाल धरतो आणि मग सगळे टाळकरी एका दमात उचलतात, तो नव्या आवाजांचा प्रवेशच. ठाणे-सीएसएमटी लोकलमधल्या भजनी मंडळींच्या डब्यात बसणाऱ्याला ही जागा नेमकी ठाऊक असते.

ख्यालात मुख्य गोष्ट म्हणजे थांबवून धरणं. गायक खर्जातून (खालच्या सुरांतून) मध्य सप्तकात येतो, निषादापर्यंत (नी) पोचतो, परत फिरतो, पुन्हा निषादावर येतो. तार षड्ज (वरचा सा) समोर दिसत असतो आणि लागत नाही. तो अखेर लागतो तेव्हा स्वर नवा नसतो, नवी असते ती त्याची सुटका. मारवा या रागात ही युक्ती रागातच बसवलेली आहे. पंचम वर्ज्य, कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवतावर मुक्काम, आणि षड्जाला बराच वेळ बगल. तंबोरा षड्ज सांगत राहतो आणि गाणारा त्यावर उतरत नाही. त्यामुळे मारव्यातला षड्ज इतर रागांतल्या षड्जापेक्षा कितीतरी जड लागतो.

तिरोभाव-आविर्भाव ही आणखी एक जागा. रागाची चौकट क्षणभर झाकून दुसऱ्याच रागाची सावली दाखवायची आणि श्रोता "हे काय?" म्हणेपर्यंत मूळ राग परत उभा करायचा. यमन स्वच्छ मांडून झाल्यावर शुद्ध मध्यमाचा एकच अलगद स्पर्श यमन कल्याण हा राग दाखवतो आणि बैठकीतून "आहा" उमटतो. पण यमन कानात पक्का बसला असेल तरच. पहिल्या दोन मिनिटांत शुद्ध मध्यम लावला तर धक्का बसणार नाही, कारण धक्का बसायला आधी खात्री लागते.

२०१९ सालच्या एका अभ्यासाने हेच आकड्यांत दाखवलं. ७४५ लोकप्रिय इंग्रजी गाण्यांतले ८० हजार कॉर्ड (स्वरमेळ) संगणकाने तपासले आणि त्यांतले निवडक श्रोत्यांना ऐकवले. सुख दोन परिस्थितींत सर्वाधिक होतं: पुढे काय येणार याची खात्री असताना वेगळंच काही आलं तेव्हा, आणि काहीच अंदाज नसताना ओळखीचं आलं तेव्हा.

समेवर आलं की दाद का निघते? सम तर ठरलेलीच असते ना?

ठरलेली असते म्हणूनच. सम म्हणजे तालाच्या प्रत्येक आवर्तनाची (फेरीची) पहिली मात्रा. कधी येणार हे माहीत असतं, कशी येणार हे नसतं. अतिविलंबित एकतालाच्या १२ मात्रांना सुमारे ५० ते ६० सेकंद लागतात. शेवटच्या दोन-तीन मात्रांत गायक मुखड्याकडे (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीकडे) वळतो आणि सगळी बैठक श्वास धरते. सलिमपूर यांच्या प्रयोगात मेंदूची तयारी शहाऱ्याच्या साधारण १५ सेकंद आधी दिसू लागली होती. आवर्तनाचा शेवटचा पाव भाग जवळपास तेवढाच भरतो.

तिहाईत, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्यात, हे गणित उघड असतं. तीनतालात समेपासून "तिट कत गदि गन धा" प्रत्येक बोल एका मात्रेचा धरून म्हणा आणि पुढे एक मात्रा मोकळी सोडा. असं तीनदा. पहिला धा पाचव्या मात्रेवर पडतो, दुसरा अकराव्या आणि तिसरा सतराव्या, म्हणजे पुढच्या समेवर. मोकळी मात्रा विसरलात तर तिसरा धा पंधराव्या मात्रेवर पडेल आणि सगळं पोकळ वाटेल. हाताने ताल धरून हे दहा-बारा वेळा करून पाहा. ज्याला १६ मात्रा मोजता येतात त्याला दुसऱ्या धाला कळतं की आता तिसरा कुठे पडणार. मोजता न येणाऱ्याला फक्त जोरदार शेवट ऐकू येतो. त्याचा आनंद खोटा नाही, पण काटा यायची एक अख्खी वाट त्याच्यासाठी बंद राहते.

मोबाइलवर फक्त "ती जागा" काढून ऐकली तर काटा का येत नाही?

कारण आधीची वाट पाहणी तुम्ही कापून टाकलीत. तीस सेकंदांच्या रीलमध्ये कळस असतो, चढण नसते. गाणं फार ओळखीचं असेल तर आठवणीच्या जोरावर कधीकधी काटा येतो, पण पाच-सहा वेळांत तोही विरतो. नवं गाणं अशा तुकड्याने ओळखू नका असं आम्ही आग्रहाने सांगू. पहिल्याच भेटीत शेवट समजतो आणि पुढे पूर्ण गाणं ऐकताना मेंदूला वाट पाहायला काही उरत नाही.

घरी ऐकताना काय करावं?

घोडबंदर रोड किंवा पाम बीच रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्याच्या बाजूला घर असेल तर वेळेपासून सुरुवात करा. रात्री दहानंतर किंवा पहाटे सहाच्या आत खिडक्या बंद करून ऐका. पंखा मंद ठेवा. त्याची घरघर नेमकी खर्जावर आणि तंबोऱ्यावर पसरते. कानांवर पूर्ण बसणारे, बंद पाठीचे हेडफोन असतील तर उत्तम.

मग ॲपची सेटिंग्ज. दोन गाणी एकमेकांत मिसळणारा क्रॉसफेड बंद करा, नाहीतर पहिला तंबोरा आणि शेवटचा विराम दोन्ही जातील. शफल आणि ऑटोप्ले बंद. आवाजाची पातळी समान करणाऱ्या सोयीत "मोठा" असा पर्याय असेल तर तो घेऊ नका, साधा पर्याय निवडा. मोठ्या पर्यायात हळू भाग वर आणि जोराचा भाग खाली दाबला जाण्याची शक्यता असते, आणि या दोहोंतल्या अंतरावरच शहारा उभा असतो. नोटिफिकेशन बंद. महागड्या लॉसलेस (मूळ आवाज पूर्ण जपणाऱ्या) फाइलची गरज नाही. चांगल्या प्रतीची साधी फाइल पुरते.

आवाज सुरुवातीच्या आलापावर लावा. तंबोऱ्याची जवारी (तारांचा झंकार) स्पष्ट ऐकू आली पाहिजे, पण बोललेलं ऐकू येणार नाही इतका मोठा आवाज नको. त्यानंतर बटणाला हात लावू नका. पुढे गायक स्वतः आवाज चढवणार आहे. तुम्ही आधीच चढवून ठेवला तर त्याच्याकडे जागा उरत नाही.

किमान आठ-दहा मिनिटांची रचना निवडा. ख्याल असेल तर पूर्ण. काटा आला तर मिनिट-सेकंद, अंगावरची जागा आणि त्या क्षणी गाण्यात काय घडलं ते एका ओळीत टिपा. आठ-दहा नोंदी झाल्या की तुमचा कल दिसू लागतो. कुणाच्या नोंदींत सगळीकडे नवा आवाज दाखल होताना दिसतो, कुणाच्या नोंदींत कोमल स्वराची मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं).

प्रवासात ऐकून काटा येत नाही, मग आवाज वाढवू का?

वाढवू नका. गोंगाटात हळू भाग बुडतो, म्हणून आपण आवाज वाढवतो. मग जोराचा भाग फार मोठा होतो आणि हळू भाग तरीही बुडालेलाच राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलला फक्त ५ तास. ठाणे ते वाशी जाऊन-येऊन रोज सुमारे एक तास धरला तर त्या पातळीवर सहा दिवसांत ६ तास होतात. म्हणजे केवळ प्रवासातच मर्यादा ओलांडली. प्रवासात ऐकायचंच असेल तर कानात घट्ट बसणारे किंवा बाहेरचा आवाज रोखणारे इअरफोन घ्या आणि लयदार, आवाजात फार चढउतार नसलेलं संगीत निवडा. आलाप रात्रीसाठी ठेवा.

नाट्यगृहात कुठे बसावं?

मधल्या रांगांत, मधोमध. पहिल्या रांगेच्या टोकाला एकाच बाजूचा स्पीकर कानावर आदळतो आणि बाल्कनीच्या छताखाली अगदी मागे बसलं की वरचे सूर मंद होतात. कार्यक्रमाला उशिरा पोचणं हा मात्र जागेपेक्षा मोठा तोटा. राग कानात बसवणारी पहिली पंधरा मिनिटं गेली की पुढचा तिरोभाव तुमच्यासाठी नुसताच एक स्वर.

ढोल-ताशाच्या पथकासमोर अंगावर येतो तो हाच काटा का?

अंशतः. खालच्या कंपनसंख्या छातीला आणि पोटाला थेट जाणवतात, तो स्पर्शाचा भाग. पण दोनशे हात एका ठोक्यावर थांबतात आणि पुन्हा एकत्र पडतात, तिथला शहारा संगीताचाच. पथकाच्या अगदी जवळ उभं राहायचं असेल तर कानात प्लग घाला. प्लग घातले तरी ठोक्याची एकत्र थांबण्याची जागा कळतेच. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर त्या दिवशी मात्रा जास्त झाली असं समजा, आणि ती दुसऱ्या दिवशीही थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

तेच गाणं किती वेळा ऐकलं की परिणाम ओसरतो?

सलग ऐकलं तर लवकर. अगदी अनोळखी गाणं फारसं हलवत नाही, थोडं ओळखीचं झालं की परिणाम वाढतो आणि अति झालं की उतरतो. एका बैठकीत एकदाच ऐका आणि मध्ये काही दिवस जाऊ द्या. मैफलीच्या ध्वनिमुद्रणांत मोठी सोय आहे: तोच राग, तीच बंदिश, तेच गायक, पण दुसरी मैफल. चौकट ओळखीची आणि आतल्या जागा नव्या.

गाणं शिकल्यावर काटा येणं बंद होतं का?

नाही. २००१ च्या प्रयोगातले दहाही जण संगीतकार होते. शिकताना सुरुवातीला मात्र कमी होऊ शकतं, कारण कान मात्रा आणि स्वर ओळखण्यात गुंतलेले असतात. ओळखणं आपोआप होऊ लागलं की काटा परत येऊ शकतो आणि पूर्वी न दिसलेल्या जागांवरही.

मला कधीच काटा येत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. काटा न येताही गाणं मनापासून आवडणारे पुष्कळ लोक आहेत आणि काटा येणं ही रसिकतेची परीक्षा नव्हे. संशोधक मॅथ्यू सॅक्स यांच्या २०१६ सालच्या अभ्यासात, काटा येणाऱ्यांच्या मेंदूत ऐकण्याचं केंद्र आणि भावनांशी निगडित केंद्रं यांना जोडणारे तंतू अधिक आढळले. नव्या अनुभवांची ओढ असलेल्या स्वभावाशीही त्याचा संबंध दिसतो. स्वीडनमधल्या नऊ हजारांहून अधिक जुळ्यांच्या २०२५ सालच्या अभ्यासात संगीताच्या आनंदातला माणसामाणसांतला सुमारे ५४ टक्के फरक आनुवंशिक निघाला.

थोड्या लोकांना, अंदाजे ३ ते ५ टक्के, संगीतातून सुखच मिळत नाही. २०१४ साली बार्सिलोनातल्या संशोधकांनी अशांना तपासलं. त्यांना सूर नीट कळत होते आणि पैसे जिंकायच्या खेळात इतरांसारखाच आनंद होत होता. फक्त गाणं कोरडं जात होतं. हा आजार नाही. अशा जोडीदाराला किंवा मुलाला मैफलीला ओढून नेऊन सुधारता येत नाही, आणि त्याला अरसिक म्हणणं अन्यायाचं आहे.

मला काटा येत नाही, रडू येतं. हे वेगळं आहे का?

हो. जपानमधल्या २०१७ सालच्या प्रयोगात दोन्ही सुखदच आढळले, पण शहारा शरीराला चेतवतो, तर गाण्याने आलेलं रडू श्वास संथ करतं आणि शांत करतं. नाट्यशास्त्राने आठ सात्त्विक भावांत रोमांच आणि अश्रू वेगवेगळे मोजले आहेत, ते योग्यच.

४३२ हर्ट्झचं संगीत ऐकलं तर काटा हमखास येतो का?

नाही. ४३२ आणि प्रचलित ४४० हर्ट्झ यांच्यामधलं अंतर अर्ध्या सुराच्या जेमतेम एक तृतीयांश आहे. आपल्याकडे तर प्रत्येक गायक स्वतःच्या गळ्याप्रमाणे षड्ज धरतो, कुणी हार्मोनियमची काळी एक, कुणी काळी चार. एकच ठरलेली कंपनसंख्या चालत असती तर निम्म्या मैफली कोरड्या गेल्या असत्या. त्यासाठी पैसे मागणाऱ्यांना देऊ नका.

डॉक्टरांकडे कधी जावं?

गाणं नसताना, थंडी नसताना, शरीराच्या एकाच बाजूला पुन्हा पुन्हा काटा येत असेल आणि त्यासोबत क्षणभर भान हरपत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. क्वचित तो अपस्माराचा (फिट येण्याचा) प्रकार असतो. पूर्वी भिडणारं गाणं अचानक भिडेनासं झालं आणि जेवण, माणसं, आवडती कामं यांतही रस उरला नसेल, तर नैराश्याची शक्यता तपासून घ्या. नैराश्याच्या काही औषधांनी भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. तसं जाणवलं तर औषध स्वतःहून थांबवू नका. डॉक्टरांना नेमकं सांगा: कोणतं गाणं, पूर्वी काय व्हायचं आणि कधीपासून होत नाही.